डबीवरचं कुंकू

१

हार्ड डिस्कची डबी उघडली आणि आतल्या डिस्कवर घारफळकरांना स्वतःचंच अक्षर दिसलं.

काळ्या मार्करनं लिहिलेला एकच शब्द, 'शांत', आणि खाली सोमवारची तारीख. मेलेल्या हार्ड डिस्कवर असं लिहायचं आणि ती कोपऱ्यातल्या दुरडीत टाकायची, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. भंगारवाला वर्षातून एकदा येऊन दुरडी रिकामी करून न्यायचा. मग सोमवारी दुरडीत गेलेलं हे मढं गुरुवारी रजतच्या स्टुडिओच्या डबीत कसं येऊन बसलं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेच होतं.

बाहेर ओट्यावर गिऱ्हाईक म्हणून आलेला कपिल फोनवर बोलत होता. तो आत यायच्या आधी घारफळकरांनी झाकण डबीवर ठेवून दिलं आणि गप्प बसले. साठीला आलेल्या माणसाला एवढं तरी कळतं की पाहिलेलं सगळं लगेच बोलायचं नसतं.

दारव्ह्यात कॉम्प्युटर बिघडला की लोक श्रीकृष्ण घारफळकरांकडे येत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे संसार. सकाळी कपिल आला तेव्हा काम पाच मिनिटांचं वाटलं होतं. डबी रजतच्या फोटो स्टुडिओतली, तिच्यात कपिलच्या लग्नाचं सगळं शूटिंग. कपिल बोरी अरबचा; गेल्या उन्हाळ्यात झालेलं त्याचं लग्न दिवाळीपर्यंत मोडलं. मुलगी कळंबची, केतकी. कोणी कोणावर चिखल उडवला नाही, पटलं नाही म्हणून सह्या करून दोघं मोकळे झाले. आता कपिलचं दुसरीकडे जमत होतं. जुन्या लग्नाचा व्हिडिओ उद्या कोणाच्या मोबाइलवर फिरायला नको, म्हणून डिस्क डोळ्यांदेखत पुसून पाहिजे, आणि तसं लिहूनही पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि डिस्क फॉर्मॅट होत नव्हती. घारफळकरांनी केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली, कुठं लिहिण्याचं कुलूप तर नाही ना ते तपासलं, काळ्या खिडकीत हातानं हुकूम टाइप करून पाहिले. दर वेळी हिरवी पट्टी निम्म्यावर जायची, आतून टक टक आवाज यायचा आणि पडद्यावर उमटायचं की फॉर्मॅट पूर्ण होऊ शकलं नाही. त्यातून डबीवर लिहिलं होतं एक टीबी, आणि कॉम्प्युटर दाखवत होता पाचशे जीबी, म्हणजे निम्मंच. तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. कपिल बाहेर गेला तशी त्यांनी डबी खोलली.

"झालं का काका?" कपिल आत आला.

"नाही."

"मग लॉक मारलं असणार. ती प्रेरणा आहे ना, स्टुडिओत एडिटिंग करते, ती केतकीची मैत्रीण आहे. तिनंच काहीतरी केलंय." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "माझी आज संध्याकाळची ट्रॅव्हल्स आहे. पाच वाजता येतो. नाही पुसलं, तर मी तक्रार देऊन जातो तिच्या नावानं."

तो गेला. घारफळकर दुरडीकडे पाहत बसले. सोमवारपासून तिच्याजवळ तीनच माणसं बसली होती. सोमवारी संध्याकाळी प्रेरणा केबल परत द्यायला आली होती. मंगळवारी सकाळी रजत प्रिंटरची शाई न्यायला आला. आणि मंगळवारी दुपारी कपिलचे वडील सदाशिवराव पुसल्याचं लिहून मिळतं का ते विचारायला आले. नेमकी लाइट गेली, तर तासभर बसले. त्या वेळी घारफळकरांच्या हातात दुसऱ्याच गिऱ्हाइकाची डबी होती. ती खोलून ब्रशनं झाडता झाडता त्यांनी म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या होत्या.

तिघांपैकी एकानं खरी डिस्क काढून घेतली होती आणि तिच्या जागी मढं ठेवलं होतं. पाच वाजायला साडेपाच तास होते, आणि घारफळकरांचे गुडघे सकाळपासूनच ठणकत होते.

२

घारफळकरांच्या पत्नी शोभाताई चहा घेऊन आल्या. टेबलावरच्या डबीवरचं कुंकू पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"आज कसली पूजा केली?" त्यांनी विचारलं.

"मी कुठं केली. रजतकडची आहे. दसऱ्याला कॅमेरे, डब्या सगळं मांडतात ना पाटावर."

"दसऱ्याचं कुंकू फाल्गुनात असं लाल राहतं का हो? हे तर कालपरवाचं आहे." एवढं बोलून त्या कुकरची शिट्टी मोजायला आत गेल्या. बत्तीस वर्षांत बाईनं असं किती वेळा जाता जाता सांगितलं असेल आणि आपण किती वेळा ऐकलं नसेल, असं घारफळकरांच्या मनात आलं. या वेळी त्यांनी ऐकलं.

भिंग घेऊन त्यांनी डबी पुन्हा पाहिली. कुंकवाचं बोट ताजं होतं आणि सकाळी काढून ठेवलेल्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवरही ते लागलेलं होतं. म्हणजे स्क्रू आवळल्यानंतर कुंकू लागलं. कुंकू पुसल्यावर स्क्रूच्या खाचा दिसल्या. कडा चावल्यासारख्या झालेल्या, एकीत तर ओरखडा बाहेरपर्यंत गेलेला. आणि लाल नाडा. डबीभोवती गुंडाळलेला तो नाडा सकाळी त्यांनी सोडला तेव्हा एक टोक ओढताच गाठ सर्रकन सुटली होती. एरवी अशा गाठीपायी त्यांना चष्मा, सुई आणि दोन शिव्या लागत. त्यांनी नाडा पुन्हा तसाच बांधायचा प्रयत्न केला. जमला नाही. मग नाडा आणि डबी दोन्ही खिशात घालून त्यांनी चपला चढवल्या.

रजतचा स्टुडिओ दोन गल्ल्या सोडून होता. रजत चांगला पोरगा, पण भित्रा. तो म्हणाला, शनिवारी त्यानं डबी प्रेरणाकडून घेतली आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवली. मंगळवारी दुपारी सदाशिवराव येऊन घेऊन गेले. दोन दिवस त्यांच्या घरी होती आणि आज कपिल ती घेऊन दारव्ह्याला आला. ड्रॉवरची दुसरी किल्ली? ती खिळ्याला असते, प्रेरणालाही माहीत आहे. सांगून झाल्यावर त्यानंच मान खाली घातली.

"कपिलनं फोन केलता मघाशी," तो म्हणाला. "मी तिला उद्यापासून येऊ नको म्हटलं. मी काय करू काका? पोलीस आले तर माह्या दुकानात कोन येईन?"

घारफळकरांनी बाकीच्या डब्या दाखव म्हटलं. चार डब्या कपाटात ओळीनं होत्या. चारींवरचं कुंकू वाळून तपकिरी झालेलं, पोपडे निघालेले. चारींचे नाडे सारखेच बांधलेले, भेटवस्तूच्या खोक्यावर असते तशी दोन कानांची गाठ. ती प्रेरणाची, रजत म्हणाला, तीच दरवर्षी बांधते. टेबलावर पेन्सिलीएवढ्या पेचकसांचा, म्हणजे स्क्रूड्रायव्हरांचा, पूर्ण संच पडला होता, आकारानुसार लावलेला.

"हे कोण वापरतं?"

"मी बी, ती बी."

घारफळकरांनी त्यातला एक उचलून पाहिला आणि ठेवून दिला. आता फक्त एका माणसाकडे जायचं राहिलं होतं असं त्यांना वाटलं. पण प्रेरणानं जे सांगितलं, त्यानं सगळंच उलटं झालं.

३

प्रेरणा स्टुडिओच्या मागच्या खोलीत स्वतःचं सामान पिशवीत भरत होती. सामान म्हणजे पाण्याची बाटली, एक स्वेटर आणि कुंडीतलं कोरफडीचं रोप. डोळे सुजलेले होते, पण बोलताना ती रडली नाही.

तिनं सांगितलं, लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं केतकीच्या वडिलांनी स्वतः म्हटली होती. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, कळंबात सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. आवाज चांगला यावा म्हणून कॅमेरावाल्यानं त्यांच्या कुडत्याला कॉलर माइक लावला. अक्षता पडल्या, बँड सुरू झाला, आणि माइक काढायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. गुरुजी तो माइक लावून मांडवभर फिरले. आचाऱ्याशी बोलले, वऱ्हाड्यांना आग्रह केला, मांडवामागे जाऊन एकटेच नाक शिंकरत रडले. चार तास दहा मिनिटं. सगळं रेकॉर्ड झालं. आणि लग्नानंतर एकोणिसाव्या दिवशी गुरुजी अंगणातल्या खाटेवरून उठलेच नाहीत.

"केतकीजवळ फोटो हायेत त्यांचे," प्रेरणा म्हणाली. "आवाज नाही. फोनवरच्या व्हिडिओत नुसता डीजे वाजते. एडिटिंग करताना मले हे सापडलं, मी तिले सांगतलं. तिनं कपिलले मागतलं, तो नाही म्हणाला. मग तिनं त्याच्या बाबांलेच फोन केला की व्हिडिओ नको, फोटो नको, एवढा आवाज द्या."

"तू कॉपी का नाही करून दिलीस तेव्हाच?"

"इचारून करावं म्हटलं काका. दुसऱ्याचं लग्न होतं ते. तेच चुकलं माहं."

घारफळकरांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. तिचा चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज कधीच निघून गेला होता. आपण रोज लोकांचं काय काय पुसतो आणि वर पावती फाडतो, या विचारानं त्यांना एकदम थकल्यासारखं झालं.

जाताना त्यांनी विचारलं, "त्या चार तासांत आणखी कोणाचा आवाज आहे?"

प्रेरणानं पिशवी खाली ठेवली. "सदाशिवरावांचा हाय. मांडवामागं दोघंच होते. ते जे बोलले ना काका, ते जर कोनी त्यांले आज आयकवलं, तर त्यांले मान वर करता येनार नाही."

इथंच पेच पडला. कुंकू, नाडा आणि स्क्रू एका माणसाकडे बोट दाखवत होते, आणि ती डिस्क पुसली जावी ही सगळ्यात जास्त गरज त्याच माणसाला होती. ज्याला पुसायची आहे, तो पुसण्यापासून वाचवेल कशाला?

४

बोरी अरबला जाणाऱ्या जीपमध्ये चौदा जण होते आणि घारफळकर पंधरावे. मांडीवर कोणाची तरी तुरीच्या डाळीची पिशवी, पाठीला स्टेपनीचं चाक. ऊन आत्ताच मे महिन्यासारखं भाजत होतं. या वयात हे धंदे करायला कोणी सांगितलंय, असं त्यांनी स्वतःला दोनदा विचारलं.

सदाशिवराव घरामागच्या गोठ्यात होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. कपिल आईला घेऊन मावशीकडे गेला होता. म्हातारा उंच, सुकलेला, धोतर खोचलेलं. घारफळकरांना पाहून तो दचकला, पण हातातलं काम थांबलं नाही. गोऱ्ह्याचं दावं खुंट्याला दोन वेढे देऊन त्यानं गाठ मारली, न पाहताच, जसं आपण शर्टाचं बटण लावतो.

घारफळकर पुढे झाले आणि त्यांनी दाव्याचं एक टोक ओढलं. गाठ सर्रकन सुटली.

मग त्यांनी खिशातून डबी काढली, लाल नाडा काढला आणि दोन्ही म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "हे जरा बांधून द्या. मला जमेना."

सदाशिवरावांनी नाड्याकडे पाहिलं. नंतर त्यांच्या बोटांनी तो डबीभोवती गुंडाळला आणि तीच गाठ मारली.

"बसा भाऊ," ते म्हणाले.

दोघं गव्हाणीच्या काठावर बसले. घारफळकरांनी जे सांगायचं ते शांतपणे सांगितलं. रजत आणि प्रेरणा दोघांकडे बारीक पेचकस आहेत, त्यांना स्क्रूच्या खाचा अशा कुरतडाव्या लागल्या नसत्या, हे काम चाकूच्या टोकाचं आहे. स्टुडिओतल्या डब्यांवर दोन कानांची गाठ, हिच्यावर बैलाच्या दाव्याची. मेलेली डिस्क माझ्या दुरडीतली, आणि डबी कशी खोलतात ते मंगळवारी मीच तुमच्यासमोर बसून दाखवलं. डबी म्हणजे नुसती पेटी, जीव आतल्या डिस्कमध्ये, असं वरून समजावलंही. पण हे सगळं नंतरचं. चोरानं काम झाल्यावर डबी तशीच ठेवली असती, तर मला ताजं-शिळं कळलं नसतं. तुम्ही तिला परत कुंकू लावलंत.

"दसऱ्याची पूजा होती तिच्यावर," सदाशिवराव म्हणाले. "आपल्या हातानं मोडली. मोडलेली कशी ठेवू?"

घारफळकरांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. "मला एवढंच कळलं नाही, की पुसायची गरज सगळ्यात जास्त तुम्हालाच होती. प्रेरणा म्हणाली, त्यात तुमचंही बोलणं आहे."

म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. बोलायला लागला तेव्हा तो घारफळकरांकडे नाही, गोऱ्ह्याकडे पाहत होता.

"त्या दिवशी गुरुजी मांडवाच्या मांगं रडून राह्यलते. मी गेलो. म्हटलं, गुरुजी, पोरगी आजपासून माही. तिच्या डोयात पानी दिसलं त मले जाब इचारा. असं बोललो भाऊ मी. कोनी सांगतलं नवतं बोलाले. पाच महिन्यांत पोरगी बॅग घेऊन ह्याच दारातून गेली, मी ओसरीत बसून होतो, उठलो बी नाही. अन् जाब इचाराले गुरुजी राह्यलेच नाही." त्यांनी पायाजवळची वैरण गव्हाणीत लोटली. "मंग तिचा फोन आला. मले बाबाच म्हनते अजून. एवढा आवाज द्या म्हने. कपिलले म्हटलं, तो आयकत नाही. त्याच्या मायशी भांडाची माही ताकद राह्यली नाही. मंग म्हटलं, गुरुजीचं बोलनं पुसलं तर माहं बी पुसल्या जाईन. ते पुसल्या जाऊ नये. कोनीतरी मले जाब इचारला पाह्यजे."

खरी डिस्क देवघरात होती, फडक्यात बांधून, देवांच्या मागे. ती केतकीला कशी द्यायची, कोणाच्या हातून द्यायची, हे दोन दिवस त्यांना सुचलं नव्हतं.

घारफळकरांनी प्रेरणाची नोकरी गेल्याचं आणि पाच वाजता काय होणार ते सांगितलं. सदाशिवरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते ताडकन उठले आणि दुपट्टा खांद्यावर टाकला.

"चला. मी सांगतो त्याले, म्या केलं म्हनून. पोरीच्या मांगं कायले लागता?"

"सांगा," घारफळकर म्हणाले. "प्रेरणा सुटेल. आणि कपिल डिस्क तुमच्या हातातून घेऊन पुसेल. मग केतकीला काय?"

सदाशिवराव दुपट्टा खांद्यावर तसाच ठेवून उभे राहिले. जीपवाल्यानं रस्त्यावरून हॉर्न मारला.

"डिस्क माझ्याकडे द्या," घारफळकर शेवटी म्हणाले. "आणि पाच वाजता कपिलबरोबर या. काही बोलू नका."

५

साडेतीनला घारफळकर परतले आणि त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. शोभाताईंनी जेवायला दोनदा हाक मारली. ते उठले नाहीत.

पाचला पाच मिनिटं असताना कपिल आला, मागून सदाशिवराव. घारफळकरांचा निरोप मिळाल्यानं रजत प्रेरणाला घेऊन आला होता, ती दाराशीच उभी राहिली. टेबलावर डबी होती, कुंकू लावलेली, नाडा बांधलेली. घारफळकरांनी केबल जोडली. पडद्यावर डिस्क दिसली, एक टीबी. त्यांनी कपिलला खुर्ची दिली आणि आत लग्नाचं शूटिंग आहे ते उघडून पाहायला सांगितलं. कपिलनं एक फाइल उघडली. त्याच्याच डोक्यावर कोणी तरी बाशिंग बांधत होतं. त्यानं ती लगेच बंद केली.

"करा," तो म्हणाला.

घारफळकरांनी बटण दाबलं. जी डिस्क सकाळी दोन तास अडून बसली होती, तिच्या जागची ही डिस्क चार सेकंदांत पुसली गेली. पडद्यावर रिकामी पांढरी खिडकी उरली. दाराशी प्रेरणानं तोंडावर ओढणी धरली. सदाशिवरावांचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो हळूच खाली गेला.

"सकाळी काय झालं होतं मग?" कपिलनं विचारलं.

"आतली डिस्क जागेवर नव्हती," घारफळकर म्हणाले. "नीट बसवली, झालं. लॉक कोणी मारलं नव्हतं. पोरीचं नाव कारण नसताना घेतलंस तू."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहून दिलं की या डबीतलं लग्नाचं सगळं शूटिंग त्यांनी कपिलच्या समोर पुसलं आहे, त्याची प्रत त्यांच्याकडे किंवा स्टुडिओकडे नाही. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. कपिलनं कागद घडी करून खिशात ठेवला. सुटका झाल्यासारखा त्याचा चेहरा व्हायला पाहिजे होता, तसा झाला नाही. तो प्रेरणाजवळ थांबला, म्हणाला, "सॉरी. तिला सांग की..." आणि पुढचं काही न सांगता निघून गेला. रजतनं प्रेरणाला उद्या ये म्हटलं. ती म्हणाली सोमवारी येईन, आणि कोरफडीची पिशवी त्याच्याच हातात देऊन गेली.

सदाशिवराव तेवढे उरले.

"पुसलं भाऊ तुमी," ते म्हणाले. "मी तुमच्यावर भरोसा ठेवलता."

घारफळकरांनी आत पाहून हाक मारली. शोभाताई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी झाकण काढलं. कुंकवाच्या वाटीशेजारी बोटाएवढा पेनड्राइव्ह होता.

"लग्न कपिलचं होतं, ते त्याला पुसून दिलं," घारफळकर म्हणाले. "तो हक्क त्याचाच. आवाज ज्याचा त्याचा असतो. गुरुजी गेले, म्हणजे तो त्यांच्या मुलीचा. चार तास दहा मिनिटं, नुसता आवाज, सगळा आहे. तुम्हीच नेऊन द्या."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. "कोन्या तोंडानं देऊ? तुमीच द्या. फक्त माहं बोलनं त्याच्यातून काढू नका. तिले आयकू द्या."

ते पायरी उतरले तेव्हा घारफळकरांच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून जेवलेलो नाही.

६

केतकी रविवारी आली. कळंबहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्हा, दोन एसटी करून. बारीक, सावळी, बँकेत नोकरीला लागलेली. आल्या आल्या तिनं किती द्यायचे विचारलं, तर शोभाताईंनी तिला गप्प करून पाणी दिलं.

घारफळकरांनी तिला हेडफोन दिले आणि आवाज सुरू केला. आधी मंगलाष्टकं होती. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग बँड, गलका, आणि एकदम ती हसली. तिनं हेडफोनचा एक कान घारफळकरांकडे धरला. आत एक माणूस आचाऱ्यावर तणतणत होता की जिलबी मागाहून तळा, आधी नवरीला काही तरी खायला पाठवा, पोर सकाळपासून उपाशी आहे.

"असेच बोलायचे," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. शोभाताई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. घारफळकर मार्कर शोधायला लागले, तो समोरच होता.

तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी तिला एका कागदावर वेळ लिहून दिली, एक तास बावन्न मिनिटं. म्हणाले, हे ऐकावंस अशी एकाची इच्छा आहे. डिस्क कोणी वाचवली, कुंकू कोणी लावलं, तेही सांगितलं. त्यांना वाटलं ती रागावेल, आणि रागावली असती तर त्यात चूक काहीच नव्हतं.

तिनं ते ऐकलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. सदाशिवरावांनी सांगितलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं, जाब विचारायचं. पण त्यावर गुरुजी काय म्हणाले होते ते म्हातारा विसरला होता, किंवा त्याला सांगवलं नव्हतं. "जाब कसला विचारायचा, सदाशिवराव. तिला वेळेवर जेवायला घालत जा. उपाशी राहिली की चिडते ती, आणि मग एकटी बसून रडते. तुम्हीही वेळेवर जेवत जा, या वयात आपल्याला कोण विचारतं?"

केतकीनं हेडफोन काढून ठेवले. मग तिनं फोन काढला आणि नंबर लावला. तो तिनं अजून पुसला नव्हता.

पलीकडे कोणी उचललं असावं, कारण ती ताठ बसली. तिकडून आधी गोठ्यातल्या घंटीचा आवाज आला, तो घारफळकरांनाही ऐकू गेला.

"बाबा," ती म्हणाली, "मी केतकी. जेवले का?"

तिकडून 'नाही' एवढंच ऐकू आलं.

"मग आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "एक वाजला."